पंचेचाळीस मिनिटांचा कागद: मोठ्या टेक कंपन्यांच्या मुलाखती आणि तिथून येणारा नकार

नकाराची मेल मला पहिल्यांदा आली तेव्हा मी हिंजवडीहून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये होतो. बस वाकडच्या पुलाखाली रोजच्यासारखी अडकलेली. मेलच्या दुसऱ्या ओळीत ‘अनफॉर्च्युनेटली’ दिसलं आणि पुढचं मी वाचलंच नाही. घरी गेलो तर आईने ताट वाढता वाढता विचारलं, ‘झालं का रे तुझं ते?’ ‘ते’ म्हणजे नेमकं काय हे तिला ठाऊक नव्हतं. शेजारच्या काकूंना मात्र ठाऊक होतं, कारण उत्साहाच्या भरात मीच सोसायटीभर सांगून ठेवलं होतं.

त्यानंतर आणखी दोन नकार आले, चौथ्या वेळी जमलं, आणि आता काही वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेतो. शंभरावर घेतल्या असतील. पलीकडे बसल्यावर जे दिसलं त्यातलं निम्मं जरी आधी कोणी सांगितलं असतं तरी माझी दोन वर्षं वाचली असती. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असाल, किंवा सर्व्हिस कंपनीत दोन-चार वर्षं काढून गूगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, मेटा यांच्याकडे बघत असाल, तर हे तुमच्यासाठी आहे.

पायरी १: निर्णय कशावर होतो ते आधी समजून घ्या

साधारण क्रम असा: रिक्रूटरचा फोन, मग ऑनलाइन असेसमेंट (संगणकावर द्यायची कोडिंगची परीक्षा) किंवा एक फोन राऊंड, आणि त्यातून पुढे गेलात तर चार-पाच राऊंडचा ‘लूप’. प्रत्येक राऊंड ४५ मिनिटं ते एक तास. बहुतेकांना वाटतं की समोरचा माणूस आपल्याला पास किंवा नापास करतो. तसं होत नाही. तो एक कागद लिहितो. प्रश्न काय दिला, उमेदवार काय बोलला, कुठे अडला, हिंट कितव्या मिनिटाला द्यावी लागली, कोडमध्ये काय चुकलं, आणि शेवटी ‘हायर’ (घ्या), ‘लीन हायर’ (घ्यावं, पण पुरती खात्री नाही), ‘नो हायर’ (नको) असं स्वतःचं मत. असे चार-पाच कागद जमले की निर्णय होतो.

गूगलमध्ये हे कागद हायरिंग कमिटीकडे जातात, आणि कमिटीतल्या लोकांनी तुम्हाला कधी पाहिलेलंही नसतं. ॲमेझॉनमध्ये लूपमधला एक जण ‘बार रेझर’ असतो. तो त्या टीमचा नसतो, आणि त्याचं मत डावलून कोणाला घेता येत नाही. म्हणजे हायरिंग मॅनेजरला तुम्ही कितीही आवडलात तरी कागद कच्चे असतील तर गाडी तिथेच थांबते.

यातून एक गोष्ट निघते. डोक्यात बरोबर असलेलं पण तोंडावाटे किंवा स्क्रीनवर न आलेलं काहीही त्या कागदावर येत नाही. खाली तयारीचं जे जे सांगणार आहे ते सगळं या कागदासाठी आहे. आणि नकार आल्यावर वाचायचा असतो तोही असाच एक कागद, फक्त तो तुम्हाला मिळत नाही, स्वतः लिहावा लागतो.

पायरी २: अर्ज आणि तारीख

रेझ्युमे एक पानी. ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ने सुरू होणाऱ्या ओळी काढून टाका, काय केलं आणि त्याने काय बदललं एवढंच ठेवा. ओळखीत कोणी असेल तर रेफरल घ्या. संकोच करू नका, रेफरल देणाऱ्यालाही बहुतेक ठिकाणी बोनस असतो. रिक्रूटरने ‘पुढच्या मंगळवारी चालेल?’ विचारलं तर घाईने हो म्हणू नका. तीन-चार आठवडे मागितले तर सहसा मिळतात.

सगळ्यात हवीशी कंपनी सगळ्यात आधी ठेवू नका. पहिल्या दोन मुलाखतींत हात थरथरणारच, तो थरथराट दुसरीकडे खर्च करा. आणि नोकरीसाठी कोणी रजिस्ट्रेशन किंवा लॅपटॉप डिपॉझिटचे पैसे मागितले तर ती फसवणूक आहे, मेल कितीही खरी दिसू दे.

पायरी ३: सराव, पण आकड्यांच्या मागे न लागता

‘माझे लीटकोडवर (कोडिंगचे प्रश्न सोडवायची वेबसाइट) सहाशे झाले’ म्हणणारी मुलं मी नापास होताना पाहिली आहेत आणि दीडशे केलेली पास होताना. सहाशेवाल्यांचा बहुतेक घोटाळा एकच असतो: पंधरा मिनिटं झाली की उत्तर बघायचं, ‘अच्छा, असं होय’ म्हणायचं, आणि हिरवी टिक मिळवून पुढे जायचं. तीन आठवड्यांनी तोच प्रश्न दिला तर पाटी कोरी.

दीडशे ते दोनशे प्रश्न पुरतात, पण पॅटर्न, म्हणजे प्रश्न सोडवायच्या ठरावीक रीती, धरून करा. हॅशमॅप, टू पॉइंटर, स्लायडिंग विंडो, स्टॅक, बायनरी सर्च, ट्री, ग्राफमधलं बीएफएस आणि डीएफएस, हीप, टोपॉलॉजिकल सॉर्ट, बॅकट्रॅकिंग, आणि शेवटी डायनॅमिक प्रोग्रॅमिंग (डीपी). नवखी मुलं डीपीपासून सुरुवात करतात कारण त्याची भीती जास्त असते. मी उलटं सांगेन: हॅशमॅप आणि ट्री-ग्राफ झोपेत यायला हवेत, डीपी त्यानंतर.

प्रत्येक प्रश्नाला २५-३० मिनिटं प्रामाणिकपणे द्या. नाही सुटला तर उत्तर वाचा, पुस्तक मिटा आणि स्वतः लिहा. तीन दिवसांनी परत लिहा, तीन आठवड्यांनी परत. आणि एक चुकांची वही ठेवा, कागदाची. ‘प्रश्न समजला नाही’, ‘पॅटर्न सुचला नाही’, ‘सुचला पण कोड चुकला’, ‘एज केस (टोकाचं, क्वचित येणारं इनपुट) सुटली’ असे चार रकाने पाडा. महिन्याभरात कुठला रकाना भरतोय ते दिसतं. माझा चौथा भरत होता आणि मी वेड्यासारखा दुसऱ्यासाठी सराव करत होतो.

प्रश्नात दिलेली मर्यादा वाचायला शिका, तिच्यात अर्धं उत्तर असतं. समजा ॲरेत, म्हणजे ओळीने ठेवलेल्या यादीत, एक लाख आकडे असू शकतात असं लिहिलंय. कोडमध्ये दोन लूप (तेच काम परत परत करणाऱ्या ओळी) एकात एक घातले तर एक लाख गुणिले एक लाख, म्हणजे एक हजार कोटी पायऱ्या. साधा संगणक सेकंदाला अंदाजे दहा कोटी साध्या पायऱ्या करतो असं धरलं तर शंभर सेकंद लागतील. गेलं ते. सॉर्ट करून काम झालं तर एक लाख गुणिले साधारण सतरा, म्हणजे सतरा लाख पायऱ्या. हे गणित मोठ्याने बोलून दाखवणारा उमेदवार पहिल्या पाच मिनिटांतच माझ्या कागदावर चांगली ओळ मिळवून जातो.

सराव साध्या एडिटरमध्ये करा, जो शब्द पुरा करून देत नाही आणि चुका लाल करत नाही. पुष्कळ ठिकाणी मुलाखतीत कोड चालवून बघता येत नाही. मेटाच्या कोडिंग राऊंडमध्ये तर ४५ मिनिटांत दोन प्रश्न अशी पद्धत प्रसिद्ध आहे. तिथे कंपायलरची वाट बघायला वेळच नसतो.

आणि ‘सोपं’ म्हणून काही सोडू नका. बायनरी सर्चचंच घ्या, म्हणजे क्रमाने लावलेल्या यादीत दर वेळी मधली जागा बघून निम्मा भाग सोडत शोधायची रीत. जावाच्या अधिकृत लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये सुमारे नऊ वर्षं एक चूक दडून होती. २००६ साली जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीरपणे मांडली. मधली जागा काढताना डावी आणि उजवी जागा मिळवून दोनने भागायचं, एवढंच ते. पण दोघांची बेरीज २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ च्या, म्हणजे जावाच्या साध्या इंटिजरच्या (पूर्णांकाच्या) कमाल मर्यादेच्या, पुढे गेली की इंटिजर उलटून ऋण होतो. म्हणून डाव्या जागेत दोघांमधल्या फरकाचा निम्मा भाग मिळवायचा. मुलाखतीत हे लिहिताना ‘असं का लिहितोय’ हे एका वाक्यात सांगा. कागदावर ओळ वाढते.

पायरी ४: ड्राय रन (कोड हाताने चालवून बघणं), किंवा मी ‘अबबअ’वर कसा आपटलो

हे जरा सविस्तर सांगतो, कारण माझा दुसरा नकार यातूनच आला असं मी मानतो.

प्रश्न जुनाच: एका शब्दात एकही अक्षर पुन्हा न येणारा सगळ्यात लांब सलग तुकडा किती लांबीचा? देवनागरीत उदाहरण घेऊ: क-म-ळ-क-म-ल. डावीकडून खिडकी सरकवत जा. क-म-ळ झाले, लांबी तीन. पुढे पुन्हा क आला, म्हणून खिडकीची डावी कड पहिल्या क च्या पुढे न्यायची. पुन्हा म आला, कड आणखी एक पुढे. मग ल आला, नवा आहे, खिडकीत ळ-क-म-ल, लांबी चार. उत्तर चार. प्रत्येक अक्षर शेवटचं कुठे दिसलं ते हॅशमॅपमध्ये ठेवलं की एकाच फेरीत काम होतं.

मी हे पंधरा मिनिटांत लिहिलं आणि खुर्चीत मागे टेकून बसलो. समोरच्याने शांतपणे विचारलं, ‘एखादं उदाहरण चालवून बघणार?’ मी घेतलं तेच क-म-ळ-वालं, जे चालणारच होतं. त्याने सुचवलं, ‘अ-ब-ब-अ घ्या.’

अ, ब. मग दुसरा ब आला, डावी कड दुसऱ्या ब वर, म्हणजे शून्यापासून मोजलं तर जागा दोनवर. मग शेवटचा अ. हॅशमॅप म्हणतो अ शेवटचा दिसला जागा शून्यवर, म्हणून माझ्या कोडने कड नेली जागा एकवर. मागे! खिडकी उलटी सरकली, आत ब-ब-अ आलं आणि उत्तर निघालं तीन. खरं उत्तर दोन. कड कधीच मागे जाता कामा नये, म्हणून जुनी कड आणि नवी कड यांतली मोठी घ्यायची. एका शब्दाची दुरुस्ती. मला ती सापडायला नऊ मिनिटं लागली आणि त्यातली सहा मी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

आज मी त्याच्या जागी असतो तर कागदावर लिहिलं असतं: ‘कोड लिहिला, पण स्वतःहून तपासला नाही. चूक दाखवल्यावर गप्प बसला.’ कोड चुकल्यापेक्षा ही दोन वाक्यं जड पडतात.

म्हणून सवय लावा. कोड संपला की ‘डन’ म्हणू नका. रिकामं इनपुट, एकच घटक, सगळे सारखे, आणि एक असं उदाहरण की जे तुमच्या कोडला पाडायलाच बनवलंय, एवढं स्वतःहून हाताने चालवा. ओळीगणिक व्हेरिएबलच्या किमती बाजूला लिहा. शाळेत गणिताचा ताळा करायचो तसं.

पायरी ५: बोलता बोलता विचार करायचा सराव

आपल्याकडे अभ्यास करताना बोलणाऱ्याला गप्प बसवतात, त्यामुळे हे अंगी नसतं. त्यात मुलाखत इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना माझं सांगणं असं की पहिले दोन आठवडे मोठ्याने मराठीतच विचार करा. फोनवर रेकॉर्ड करा. ‘इथे मला परत परत सगळ्यात लहान आकडा लागतोय, म्हणजे हीप बघू या’ असं. मोठ्याने विचार करणं आणि इंग्रजी बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. दोन्ही एकदम शिकायला गेलात तर दोन्ही फसतात. विचार वाहायला लागला की इंग्रजी करा. व्याकरण कोणी मोजत नाही. मी कधीच कागदावर ‘इंग्रजी कच्चं’ असं लिहिलेलं नाही. ‘काय विचार करतोय ते कळलं नाही’ असं मात्र अनेकदा लिहिलं आहे.

मग मित्राला बसवून मॉक, म्हणजे लुटुपुटूच्या मुलाखती, घ्या. निदान आठ-दहा. निम्म्या वेळा तुम्ही घेणारे व्हा. दुसऱ्याला सहा मिनिटं गप्प बसलेलं बघितलं की ते किती लांबलचक वाटतं ते कळतं.

हिंट मिळाली तर ती घ्या. बऱ्याच मुलांना वाटतं हिंट म्हणजे मार्क कापले, म्हणून ती ऐकून न ऐकल्यासारखी करून आपलंच दामटतात. हिंट ऐकून पटकन वळणारा माणूस टीममध्ये हवासा वाटतो, आणि कागदावर तसंच येतं.

चॅटबॉटला दुसऱ्या खिडकीत उघडून उत्तरं वाचायचा मोह सध्या फार आहे. पलीकडून ते दिसतं. डोळे एका बाजूला सरकतात आणि मग एकदम पुस्तकी वाक्य येतं. ‘ही ओळ का?’ विचारलं की सन्नाटा. याच प्रकारांमुळे निदान एक राऊंड पुन्हा समोरासमोर घेण्याचं गूगलने २०२५ मध्ये सांगितलं.

पायरी ६: ‘आम्ही’ची अडचण

बिहेवियरल राऊंडला (आधीच्या कामात कसे वागलात ते विचारणारा) आपली मुलं ‘एचआर राऊंड’ म्हणतात आणि तयारीच करत नाहीत. ॲमेझॉनमध्ये १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स (कामात कसं वागावं याची तत्त्वं) आहेत, आणि कोडिंगच्या राऊंडमध्येही अर्धा वेळ त्यांवरच्या प्रश्नांत जाऊ शकतो. तिथे कोड उत्तम लिहूनही केवळ स्वतःच्या अनुभवाच्या गोष्टी सांगता न आल्यामुळे बाहेर पडणारे पुष्कळ असतात.

मराठी माणसाची इथे खास पंचाईत होते. लहानपणापासून ‘मी, मी’ करणाऱ्याला घरात टोमणे बसतात. त्यामुळे तोंडात ‘आम्ही’ येतं, इंग्रजीत त्याचं ‘वी’ होतं. मग संवाद असा चालतो:

‘रात्रीचा बॅच जॉब फार वेळ घ्यायचा. मग आम्ही तो ऑप्टिमाइझ केला. क्लायंट खूश झाला.’
‘त्यात तुम्ही काय केलंत?’
‘टीमने मिळून ॲनालिसिस केलं.’
‘ते ठीक, पण तुम्ही?’
‘सीनियरने गाइड केलं, मग आम्ही...’

मी काय लिहू कागदावर? टीमला तर नोकरी द्यायची नाहीये. तोच मुलगा हे असं सांगू शकला असता: ‘जॉब साडेपाच तास चालायचा आणि सकाळी शाखा उघडायच्या आत संपत नव्हता. मी दोन रात्री लॉग वाचले. एकच क्वेरी प्रत्येक खात्यासाठी वेगळी धावत होती. सीनियरना सर्व्हर वाढवायचा होता. मी एका शाखेच्या डेटावर बदल करून वेळ दाखवला, तेव्हा ते तयार झाले. जॉब पन्नास मिनिटांवर आला. एक चूक माझ्याकडून झाली: बदल मागे घ्यायची सोय ठेवली नव्हती, त्यामुळे पहिल्या आठवड्यात एक रात्र जागवली. आता ती आधी ठेवतो.’ यात फुशारकी कुठेच नाही. परिस्थिती, काम, कृती, परिणाम हा क्रम आपोआप आलाय, आणि चूकही आलीय, जिच्यामुळे बाकीचं खरं वाटतं.

अशा सहा-आठ गोष्टी लिहून ठेवा: एक भांडणाची, एक अपयशाची, एक मुदत हुकल्याची, एक वरच्याशी असहमत झाल्याची, एक न सांगता अंगावर घेतलेल्या कामाची. फ्रेशर असाल तर कॉलेजचा प्रोजेक्ट, गॅदरिंगचं आयोजन, काहीही चालतं. प्रत्येक गोष्टीत निदान एक आकडा हवा आणि ‘मी’ हवा.

पायरी ७: सिस्टिम डिझाइन

यात एखादी मोठी सेवा कशी उभारायची ते विचारतात. फ्रेशरला सहसा विचारत नाहीत. दोन-तीन वर्षांच्या वर अनुभव असेल तर तयारी करा. चौकटी आणि बाण पाठ करण्याआधी अंदाजाची गणितं शिका. दिवसात ८६,४०० सेकंद. सोयीसाठी एक लाख धरा. दिवसाला दहा कोटी विनंत्या म्हणजे सेकंदाला साधारण हजार. लिंक छोटी करायची सेवा बनवा म्हटलं, तर इंग्रजी छोटी-मोठी अक्षरं आणि अंक मिळून ६२ चिन्हं. सात चिन्हांचा कोड घेतला तर साडेतीन लाख कोटी वेगळे कोड मिळतात, म्हणजे चिंता नाही. आधी हे, मग डेटाबेस, मग कॅश (वारंवार लागणारा डेटा पटकन मिळावा म्हणून जवळ ठेवणं). काफ्का (संदेश इकडून तिकडे पोचवणारं सॉफ्टवेअर) कुठेतरी चिकटवायचाच असा हट्ट नको.

पायरी ८: त्या दिवशी

इन्व्हर्टर, फोनचा हॉटस्पॉट, चार्जर, पाणी, कोरे कागद. घरच्यांना वेळ सांगून ठेवा; माझ्या एका राऊंडमध्ये कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या होत्या आणि समोरचा हसला, ते बरंच झालं. नावाने हाक मारा, दर वाक्याला ‘सर’ नको.

एक राऊंड वाईट गेला की पुढचा त्याच्या दुःखात घालवू नका. पुढच्या माणसाला आधीच्या राऊंडचं सहसा काहीच माहीत नसतं. त्याच्यापुढे कोरा कागद असतो. मधल्या वेळात उठा, तोंडावर पाणी मारा, लीटकोड उघडू नका.

पायरी ९: निकालाआधी, त्याच रात्री

सगळ्यात जास्त फायदा मला या पायरीचा झाला आणि ती कोणीच करत नाही. झोपण्यापूर्वी प्रत्येक राऊंडचा कागद स्वतः लिहा, समोरच्याने लिहिला असेल तसा. प्रश्न काय होता, किती वेळ कशात गेला, पहिली हिंट कधी, मी कुठे गप्प झालो, एज केस कोणी काढली, मी की त्याने? खाली स्वतःला मत द्या: हायर की नो हायर. हे स्वतःपुरतं ठेवा. प्रश्न गुप्त ठेवायचं बऱ्याच ठिकाणी कबूल करून घेतलेलं असतं, त्यामुळे ते कुठे टाकू नका.

निकालानंतर लिहायला बसलात तर आठवणीला निकालाचा रंग चढतो. नकार आला की सगळे राऊंड वाईट गेल्यासारखे वाटतात.

पायरी १०: मेल आल्यावर

पहिल्या दिवशी काही करू नका. रिक्रूटरला चिडून मेल नको, लिंक्डइनवर लांबलचक पोस्ट नको, ‘आता एमबीएच करतो’ असे निर्णय नकोत. जेवा, झोपा. दुसऱ्या दिवशी तीन ओळींचं उत्तर पाठवा: वेळेबद्दल आभार, काही फीडबॅक देता येईल का, आणि पुन्हा कधी अर्ज करता येईल. सविस्तर फीडबॅक सहसा मिळत नाही. कायद्याच्या भीतीने कंपन्या तो टाळतात. पण कधी कधी रिक्रूटर फोनवर ‘कोडिंग चांगलं होतं, डिझाइन कमी पडलं’ एवढं बोलून जातो. ते वहीत लिहून घ्या.

उत्तरच येत नसेल तर आठवड्याने एक मेल, त्यानंतरच्या आठवड्यात दुसरी, आणि मग नकार समजून पुढे चला.

आता आदल्या पायरीतला कागद काढा आणि कुठे थांबलात ते बघा. ऑनलाइन असेसमेंटलाच थांबलात तर वेग आणि सराव. असेसमेंट पूर्ण सोडवूनही फोन आला नाही तर दोष बहुधा रेझ्युमेचा किंवा गर्दीचा. लूपपर्यंत जाऊन नकार आला असेल तर पाया तयार आहे, एखादा राऊंड तुम्हाला नडलाय, तो शोधा.

काही नकारांचा तुमच्याशी संबंधही नसतो. जागा आतल्या माणसाने भरली, हेडकाउंट गोठला (नवी भरती थांबली), तुमचा अनुभव त्या लेव्हलला बसला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने ११ हजार, जानेवारी २०२३ मध्ये गूगलने १२ हजार आणि मायक्रोसॉफ्टने १० हजार जणांना कमी करायचं जाहीर केलं. त्या काळात अर्ज करणाऱ्याला आलेल्या नकारात त्याची वही तपासून काय मिळणार?

अशा वेळी लोक दोन गोष्टी हमखास सांगतात. ब्रायन ॲक्टन यांना २००९ मध्ये फेसबुकने नाकारलं, त्यांनी यान कूम यांच्याबरोबर व्हॉट्सॲप काढलं, आणि २०१४ मध्ये फेसबुकनेच ते १९ अब्ज डॉलरना विकत घ्यायचं ठरवलं. दुसरी मॅक्स हॉवेल यांची: होमब्रू (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) लिहिणारा हा माणूस, ते सॉफ्टवेअर गूगलमधले इंजिनिअरही वापरत होते, आणि २०१५ मध्ये बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून नाकारलं असं त्यांनी स्वतः जाहीरपणे लिहिलं. पहिली ऐकायला छान आहे, पण तिचा उपयोग शून्य. नकार मिळालेल्या लाखोंपैकी व्हॉट्सॲप एकानेच काढलं. दुसरी मला कामाची वाटते. चांगला इंजिनिअर असणं आणि ते पंचेचाळीस मिनिटं चांगली जाणं यांत अंतर असतं, हे तिच्यात दिसतं. ते अंतर अन्यायाचं आहे असंही मला वाटतं. पण खेळायचं ठरवल्यावर नियम त्यांचे.

घरचं बघा. ऑफर लेटर हातात येईपर्यंत दोन माणसांपलीकडे कोणाला सांगू नका. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी असं होतं. पॅकेजचे आकडे आत्याच्या कानावर गेले की नकार एकट्याचा राहत नाही, मग तो प्रत्येक लग्नात भेटतो. विचारलंच कोणी तर ‘नाही झालं, सहा महिन्यांनी परत देणार आहे’ एवढं एकच वाक्य तयार ठेवा. विषय तिथेच संपतो, खरंच. हातातली नोकरी ऑफरआधी सोडू नका. नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड नंतर निस्तरता येतो.

आणि दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सगळंच निरर्थक वाटत असेल तर एकट्याने सोसू नका. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

पायरी ११: परत जाताना

पुन्हा अर्ज करायला साधारण सहा महिने ते वर्ष थांबावं लागतं. कंपनीगणिक आणि कुठवर पोचलात त्यानुसार हे बदलतं, म्हणून रिक्रूटरकडून तारीख घेऊन कॅलेंडरमध्ये टाका. तो काळ सगळा लीटकोडमध्ये घालवू नका. आठवड्याला पाच-सहा प्रश्न हात गरम ठेवायला पुरतात. बाकी वेळ सध्याच्या नोकरीत असं काहीतरी अंगावर घ्या की ज्याची पुढच्या वेळी गोष्ट सांगता येईल. दरम्यान दुसऱ्या कंपन्यांच्या मुलाखती देत राहा, पुण्यात आणि बेंगळुरूत बऱ्या प्रॉडक्ट कंपन्या या चारपाच नावांपलीकडेही ढीगभर आहेत. माझा एक मित्र अशाच एका ‘सरावाच्या’ मुलाखतीत लागला आणि सात वर्षं तिथेच आहे.

तारीख आली की नवा अर्ज टाकण्याआधी जुन्या रिक्रूटरलाच लिहा. चार ओळी पुरे: मागच्या वेळी कधी आणि कुठवर पोचलो होतो, तेव्हापासून काय बदललं, कोणत्या पदात रस आहे, रेझ्युमे सोबत. ‘काय बदललं’ या ओळीत ‘खूप मेहनत केली’ असं लिहू नका. काय बांधलं ते लिहा. दोन आठवडे वाट बघा, मग एकदा आठवण करा. तेव्हाही उत्तर नाही आलं तर त्या रिक्रूटरने बहुधा कंपनी बदललेली असते. दुसऱ्या कोणाकडून रेफरल घ्या.